‘ईक’चा माग: एका जुनाट इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि उगम कसा लावला

विल्यम कूपर या इंग्रज कवीने १७८२ मध्ये जॉन गिल्पिन नावाच्या एका कापडवाल्याची फजिती पद्यात लिहिली. गिल्पिन कोण होता ते पहिल्याच कडव्यात सांगताना ओळ येते, ‘अ ट्रेनबँड कॅप्टन ईक वॉज ही’. ट्रेनबँड म्हणजे लंडनच्या नागरिकांची शिबंदी, कॅप्टन म्हणजे कप्तान. अडायला होतं ते मधल्या ‘ईक’पाशी. स्पेलिंग ई, के, ई. आजच्या बोलण्यात हा शब्द नाही, शाळेच्या शब्दसंग्रहात नाही.

संदर्भावरून अर्थ लागतो: गिल्पिन प्रतिष्ठित नागरिक होता, ‘शिवाय’ शिबंदीचा कप्तानही होता. कोणताही बरा कोश उघडला की हाच अर्थ मिळतो आणि बहुतेकांचं काम तिथे संपतं. अर्थ आणि उगम पुराव्यानिशी मांडायचा असेल, तर खरं काम तिथून पुढे सुरू होतं. ‘ईक’ हा शब्द मी त्यासाठीच घेतला. तीन अक्षरांच्या या शब्दात जुन्या शब्दांचा माग काढताना लागणारे जवळजवळ सगळे चकवे एकत्र सापडतात.

आधी ओळ जशीच्या तशी उतरवून घेतो आणि तिच्याखाली कवी, साल आणि कोणती आवृत्ती हे लिहितो. आवृत्तीची नोंद टाळली तर पुढे नक्की फसगत होते, कारण आजचे संपादक जुनी स्पेलिंगं सरळ करून टाकतात. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’मधल्या तिसऱ्या अंकाच्या प्रास्ताविकात प्रेक्षकांना विनवणी आहे की, आमच्या प्रयोगात जे उणं आहे ते तुमच्या कल्पनेने भरून काढा. आजच्या छापील प्रतीत तिथे ‘ईक आउट’ आहे. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील ग्रंथात, मात्र ‘ईच आउट’ छापलंय, ‘क’च्या जागी ‘च’. ती चूक समजून सोडून दिली, तर शब्दाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा धागा हातचा जातो. त्या ‘च’कडे पुढे येतोच.

मग शब्दाची जात. कूपरच्या ओळीतला ‘ईक’ क्रियाविशेषण आहे, अर्थ ‘सुद्धा, शिवाय’. शेक्सपिअरच्या ओळीतला क्रियापद आहे, ‘भर घालणं, पुरवणं’. तिसरं नामही आहे, ‘जोड, भर’. कोशात या तिघांच्या नोंदी वेगळ्या असतात आणि तिघांचं आयुष्यही वेगळं आहे. क्रियाविशेषण जुनाट झालं. क्रियापद ‘ईक आउट’ या जोडीत आजही रोज वर्तमानपत्रात दिसतं. नाम सर्वसाधारण इंग्रजीतून गेलं, पण दोन कोपऱ्यांत टिकलं. मधमाश्या पाळणारे पोळ्याच्या पेटीला जागा वाढवण्यासाठी जी बुटकी चौकट जोडतात तिला ते ‘ईक’ म्हणतात. स्कॉटलंडच्या कायद्यात मृताच्या मालमत्तेच्या यादीत मागाहून सापडलेली मालमत्ता जोडायची असेल, तर त्या पुरवणीला ‘ईक’च म्हणतात. जात न ठरवता शोध घेतला, की एकाची उदाहरणं दुसऱ्याच्या नावावर जमा होतात आणि ‘हा शब्द मेलाय की जिवंत आहे’ या साध्या प्रश्नालाही धड उत्तर देता येत नाही.

कोशांचा क्रम मी आजपासून मागे असा लावतो. ऑक्सफर्डचा मोठा कोश पहिला. त्याची चालू ऑनलाइन आवृत्ती वर्गणीची आहे. पण १८८४ ते १९२८ या काळात निघालेल्या पहिल्या आवृत्तीचे खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात. ‘ईक’ तिसऱ्या खंडात आहे. डी आणि ई या अक्षरांचा हा खंड १८९७ चा, आणि त्यातलं ई हे अक्षर हेन्री ब्रॅडलीने संपादित केलं. इथे खुणा वाचता आल्या पाहिजेत. शब्दाआधी खंजिराची खूण असेल तर तो शब्द किंवा तो अर्थ वापरातून पार गेला. ‘आर्क’ असं लघुरूप असेल तर तो जुनाट आहे: लोक बोलत नाहीत, पण लिहिणारे मुद्दाम जुना रंग देण्यासाठी वापरतात. हा फरक बारीक नाही. खंजिरवाल्या शब्दाचं शेवटचं उदाहरण हा वापराचा पुरावा असतो, तर जुनाट शब्दाचं उदाहरण पुष्कळदा नुसत्या हौसेचा.

सॅम्युअल जॉन्सनचा १७५५ चा कोश मी व्युत्पत्तीसाठी उघडत नाही, त्या बाबतीत तो भरवशाचा नाही. त्या काळच्या कानाला शब्द कसा लागत होता हे कळण्यासाठी उघडतो. ‘ईक’ या क्रियापदाखाली त्याने ‘फुकटची भर घालून लांबवणं’ असाही एक अर्थ दिलाय आणि पुढे टोमणा जोडलाय, की हा अर्थ आपल्या जुन्या कवींवरून आला असावा, कारण ओळीत एक अक्षर कमी पडलं की ते ‘ईक’ घालून मोकळे होत. संस्कृत छंदांत च, वै, तु, हि हे पादपूरक म्हणून कसे येतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. जॉन्सनची ही व्युत्पत्ती चुकीची आहे, पण साक्ष मोलाची आहे: १८ व्या शतकात ‘ईक’ म्हणजे पद्यातलं भरताड अशी त्याची ख्याती झाली होती. कूपरचा ‘ईक’ त्यानंतर २७ वर्षांनी येतो आणि कविता विनोदी आहे. म्हणजे तिथला ‘ईक’ भाबडा नाही, जुन्या पोवाड्यांच्या ढंगाची ती नक्कल आहे.

हीच तपासणी शेक्सपिअरवर केली. क्रियाविशेषण ‘ईक’ त्याने कोणाच्या तोंडी घातलंय? ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये नाटकाची तालीम करणाऱ्या अडाणी कारागिरांपैकी फ्लूटच्या, आणि ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मध्ये फुशारक्या मारणाऱ्या पिस्टलच्या आणि खानावळीच्या बडबड्या मालकाच्या. सगळी हास्यपात्रं. तेव्हाही हा शब्द जड, नाटकी वाटत होता. एडमंड स्पेन्सर १५९० च्या ‘फेअरी क्वीन’मध्ये तोच शब्द गंभीरपणे आणि मुबलक वापरतो, पण त्याची सगळी भाषाच मुद्दाम जुनी घडवलेली आहे. त्यामुळे १६ व्या शतकाच्या अखेरीनंतरचं कुठलंही उदाहरण ‘तेव्हा लोक असं बोलत’ याचा पुरावा म्हणून मी धरत नाही. तो जिवंत कुठे दिसतो, तर जेफ्री चॉसरकडे. ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रास्ताविकातल्या पाचव्या ओळीत पश्चिमेचा वारा ‘ईक’, म्हणजे तोही, आपल्या गोड श्वासाने रानात प्राण फुंकतो. तिथे कसलाही आव नाही, साधा ‘ही’ किंवा ‘आणिक’ आहे.

मधल्या, म्हणजे चॉसरच्या काळातल्या इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाचा कोश आणि त्याहून जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ आणि टॉलर यांचा अँग्लो-सॅक्सन कोश. दोन्ही ऑनलाइन, फुकट. मिशिगनच्या कोशात आजचं स्पेलिंग टाइप करून थांबायचं नाही. शब्दाची सगळी लिखित रूपं शोधायची सोय आहे, ती वापरायची, कारण तेव्हा स्पेलिंगला नियम नव्हता. ई-के, ई-ई-के, ई-सी अशी अनेक रूपं भेटतात. जुन्या इंग्रजीत मूळ रूप ई-ए-सी, उच्चार साधारण ‘एआक’, पहिला स्वर लांब. तिथे तो ‘शिवाय’ या अर्थाचं क्रियाविशेषण तर आहेच, पण चतुर्थी विभक्ती घेणारं अव्यय म्हणूनही येतो, ‘अमक्याखेरीज आणखी’ अशा अर्थाने. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजीतल्या वीरकाव्यात ईश्वराने सृष्टी सजवली आणि प्राणिमात्रांना जीवन‘ही’ दिलं, तिथे हाच शब्द आहे. त्याच काव्यात राक्षसिणीच्या गुहेत सापडलेल्या जुन्या तलवारीला ‘एआकेन’ हे विशेषण लावलंय. कोशात त्याचा अर्थ ‘वाढलेला, मोठा, बलवान’, आणि दुसऱ्या संदर्भांत ‘गरोदर’. हे विशेषण नजरेआड करायचं नाही. ‘वाढ’ हा अर्थ या घराण्यात मुळापासून आहे, हे त्यावरून उघड होतं.

आता तो ‘च’. जुन्या इंग्रजीत क्रियापदाची एकाहून अधिक रूपं होती. ज्यात ‘क’नंतर य-सारखा ध्वनी होता, तिथे ‘क’ मऊ होऊन ‘च’ झाला. बाकीच्यांत ‘क’ टिकला आणि उत्तरेकडे नॉर्स या स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतल्या ‘औका’ या क्रियापदाने त्याला बळ दिलं. चर्च आणि स्कॉटिश कर्क, डिच आणि डाइक, तशी ही ईच आणि ईक जोडी. फोलिओतला ‘ईच’ छापखान्याची चूक नसून दक्षिणी रूप आहे. पुढे प्रमाण भाषेत ‘क’ जिंकला.

शब्दाची उदाहरणं स्वतः गोळा करायची झाली, तर गूगलचा एनग्राम आलेख (छापील पुस्तकांत शब्द कोणत्या साली किती वेळा आला ते दाखवणारा) हे सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत फसवं साधन. छोट्या शब्दाला तर तो फारच फसवतो. स्कॅन वाचणारं यंत्र ओळीच्या शेवटी तुटलेल्या मोठ्या शब्दाचा तुकडा ‘ईक’ म्हणून मोजतं, झिजलेल्या टाइपातला ‘सी’ त्याला ‘ई’ दिसतो. नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या चार दिवसांच्या बाजारचक्रातला एक दिवस ‘एके’, स्पेलिंग अगदी हेच. तेही त्यात येतं, त्या नावाची माणसंही येतात. याहून मोठी गोम पुनर्मुद्रणाची. १९ व्या शतकात चॉसर-स्पेन्सरच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. पुस्तकावरचं साल मोजलं जातं, मजकुराचं नाही. म्हणून मी आलेख बघून कुठलाही निष्कर्ष काढत नाही. १७०० पर्यंतच्या छापील इंग्रजी पुस्तकांचा माणसांनी हाताने टंकलेला मोठा संग्रह आता खुला आहे. तिथे शोधायचं, आलेली ओळ उघडून वाचायची, जात ठरवायची, मगच मोजायची. वेळ लागतो, त्याला इलाज नाही.

उगमाकडे वळताना मराठी वाचकाच्या डोक्यात पहिल्यांदा काय येतं ते मला ठाऊक आहे: स्पेलिंग ‘एके’, म्हणजे आपला ‘एक’! दिसायला तंतोतंत जुळतं, आणि भरीला चॉसरच्या काळात या शब्दाचा उच्चार खरोखरच लांब ‘एक’च्या जवळचा होता, ‘ई’ हा स्वर नंतर, १५ व्या ते १७ व्या शतकांत इंग्रजी दीर्घ स्वर वर सरकले तेव्हा आला. तरी हे नातं खोटं आहे. व्युत्पत्तीत साम्य हा पुरावा नसतो. नेमाने होणारा फरक हा पुरावा असतो. संस्कृतातला मूळचा ‘क’ इंग्रजीच्या घराण्यात ‘ह’ होतो, ‘क’ राहत नाही: संस्कृत प्रश्नार्थक ‘क’, तर जुन्या इंग्रजीतला ‘हू’, ‘ह्वॅट’. इंग्रजीतला मूळचा ‘क’ आपल्याकडे ‘ग’ किंवा ‘ज’ असायला हवा: युग आणि योक (बैलाच्या मानेवरचं जूही त्याच ‘युग’चं), गो आणि काऊ, जानु आणि नी, ज्याच्या स्पेलिंगमधला मुका ‘के’ पूर्वी बोलला जात असे. याला ग्रिमचा नियम म्हणतात, आणि या कसोटीवर ‘एक’ लगेच गळतो.

तीच कसोटी घेऊन पुढे गेलं, की खरी भावंडं सापडतात. आधी जवळची. जर्मनमध्ये ‘सुद्धा’ला ‘आउख’, डचमध्ये ‘ओक’. ही जोडणी योगायोग नाही हे दाखवायला तशीच बदललेली दुसरी तिकडी हवी, आणि ती मिळते: इंग्रजी ‘रीक’, म्हणजे मूळ अर्थाने धूर, जर्मन ‘राउख’, डच ‘रोक’. ईक-आउख-ओक, रीक-राउख-रोक. स्वर आणि व्यंजन दोन्ही त्याच वाटेने गेलेत. अशी दुसरी रांग मिळाल्याशिवाय मी कुठलंही नातं पक्कं म्हणून लिहीत नाही.

मग लांबची. जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन-डच यांच्या घराण्यातल्या, ‘क’मागे मूळ ‘ग’, आणि आधी ‘औ’. लॅटिनमध्ये नेमकं ‘औगेरे’ आहे, वाढवणं. त्यातूनच ऑक्शन, म्हणजे चढत जाणारी बोली. ऑथर आणि ऑक्झिलिअरीही त्याचेच. ग्रीकमध्ये ‘औक्सो’, वाढवतो. संस्कृतात ‘औ’चा ‘ओ’ झाला आणि पुढच्या स्वरामुळे ‘ग’चा ‘ज’: ओजस्. ‘ज’ मुळात ‘ग’ होता याची साक्ष ‘उग्र’ देतो; तिथे पुढे ‘र’ असल्याने ‘ग’ तसाच राहिला. ‘बेओवुल्फ’मधल्या ‘एआकेन’ तलवारीचं ‘बलवान’पण आणि आपलं ओज एकाच मुळाचं. इथे एक खबरदारी: हे सगळं क्रियापदाबद्दल पक्कं आहे. क्रियाविशेषण ‘ईक’ त्याच मुळातून आलं, की ‘पुन्हा’ अशा अर्थाच्या एका जुन्या निपाताला दुसरा निपात जोडून बनलं, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. मला पहिलं मत जास्त पटतं, ‘भर’पासून ‘शिवाय’पर्यंतची वाट सरळ आहे म्हणून, पण नोंदीत दोन्ही लिहावी लागतात. फुकटच्या संकेतस्थळांवर हा भेद बहुधा गाळलेला असतो आणि क्रियापदाचा पुरावा क्रियाविशेषणाला चिकटवून दिलेला असतो.

‘ईक’चं सगळ्यांत गमतीचं अपत्य म्हणजे निकनेम. मूळ शब्द ‘ईक-नेम’, जोडलेलं नाव. ‘ॲन ईक-नेम’ म्हणताना ‘ॲन’चा ‘न’ पुढे सरकला आणि ‘अ नीक-नेम’ झालं. असं म्हणणं सोपं आहे, सिद्ध कसं करायचं? तीन गोष्टी हव्यात. ‘न’ नसलेलं रूप आधी सापडलं पाहिजे: ते रॉबर्ट मॅनिंगच्या १३०३ च्या काव्यात आहे. दोन्ही रूपं एकाच अर्थाने शेजारी दिसली तर उत्तम: १४४० च्या सुमाराच्या ‘प्रॉम्प्टोरियम पार्व्ह्युलोरम’ या इंग्रजी-लॅटिन कोशात ‘नेकेनेम किंवा एकेनेम’ अशी नोंदच आहे. आणि ज्या भाषांत तो ‘न’ चिकटण्याचा प्रश्नच नाही अशा बहिणींकडे तसाच शब्द हवा: स्वीडिशमध्ये टोपणनावाला ‘ओकनाम्न’, जुन्या नॉर्समध्ये ‘औकनाफ्न’. तिन्ही मिळतात, म्हणून ही व्युत्पत्ती पक्की. ‘निक’ म्हणजे खाच, तिच्यावरून निकनेम, ही लोकांनी मागाहून बसवलेली जुळणी.

उलट दिशेनेही ‘न’ पळतो. ‘अ नॅपरन’चं ‘ॲन एप्रन’ झालं; नॅपकिनमध्ये जुना ‘न’ शाबूत आहे. ‘अ नॅडर’चं ‘ॲन ॲडर’. जर्मन ‘नाटर’ने ‘न’ जपला. क्रिकेटचा अंपायरही मूळचा ‘नूंपेर’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘जोडीत न बसणारा’, म्हणजे दोघांच्या भांडणातला तिसरा. या यादीत ऑरेंजही सर्रास घुसडतात, आणि इथे हमखास चूक होते. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारान्हा, आपलं नारिंग, सगळीकडे ‘न’ आहे हे खरं. पण तो पडला तो इंग्रजीत शिरण्यापूर्वी. इंग्रजीत ‘अ नॉरेंज’ कधी नव्हतं. कोणी ‘नॉरेंज’ सांगू लागलं, तर इंग्रजीतलं दिनांकित उदाहरण मागावं.

‘ईक आउट’च्या आजच्या अर्थावर वाद आहे, त्याचा निकालही तारखाच देतात. मूळ अर्थ ‘आहे त्यात भर घालून ते पुरवणं’. ‘ॲज यू लाइक इट’मध्ये रोझलिंड कुस्तीला उतरणाऱ्या ऑर्लँडोला म्हणते, माझी आहे ती थोडी ताकद तुझ्यासोबत असो, सीलिया म्हणते, आणि तिला जोड म्हणून माझीही. तिथे ‘ईक आउट’ आहे. पगार तुटपुंजा म्हणून शिकवण्या घेतल्या, तर पगार ‘ईक आउट’ झाला; मराठीत जोडधंदा करतो तसं. यातून ‘काटकसरीने पुरवून पुरवून वापरणं’ आलं, आणि पुढे ‘कसंबसं पोट भरणं’. या शेवटच्या अर्थाला काही भाषाशुद्धीवाले चूक म्हणतात. त्यांचं म्हणणं मला पटत नाही. तीन अर्थांतली प्रत्येक पायरी वापरात दिसते, आणि दीर्घकाळ लिहिला-वाचला गेलेला अर्थ शब्दाच्या मुळाकडे बोट दाखवून रद्द होत नाही. भाषांतर करताना मात्र काळ पाहावा लागतो: १६०० च्या मजकुरात ‘कसंबसं भागवणं’ असं लिहिलं, तर ते साफ चुकेल.

शेवटी नोंद. एका शब्दाला एक कागद, वर जात. खाली रूपं, त्यांच्या काळासह. मग प्रत्येक अर्थाचं सर्वांत जुनं उदाहरण आणि आव न आणता केलेल्या वापराचं सर्वांत शेवटचं. नात्यांपुढे मी तीनच शेरे वापरतो: ‘पक्कं’, ‘संभवनीय’, ‘खोटं पण प्रचलित’. ‘ईक’च्या कागदावर आउख, ओक, औगेरे, ओजस्, निकनेम पहिल्या शेऱ्याखाली आहेत, क्रियाविशेषण आणि क्रियापद एकाच मुळाचे, हे दुसऱ्याखाली, आणि ‘एक’ तिसऱ्याखाली. किंचाळताना काढतात त्या ‘ईक!’शी या शब्दाचा संबंध नाही, हेही तिथेच लिहून ठेवलंय, कारण शोधपेटीत तोच आधी येतो.